स्टार्टरपुढच्या वहाणा

मी कसला माणूस आहे ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं वाचून कुणी मला भोळसट म्हणायला नको. तिठ्यावर कुणी उतरून टाकलेलं लिंबू दिसलं की लोक वळसा घालून जातात. मी ते उचलून बघतो, आणि बरं असलं तर घरी आणून सरबत करून पितो. दोनदा प्यालोय. दोन्ही वेळा बायकोनं आठ-आठ दिवस अबोला धरला, आणि मला काडीचंही काही झालं नाही.

तर असा मी. या मासिकात गेले काही महिने वाचकांचे चमत्कारिक अनुभव छापून येतात, ते मी नेमानं वाचतो. निम्म्याहून जास्त मला थापा वाटतात — राग मानू नका, माझं तोंड असंच आहे. पण हसता हसता दर वेळी माझा हात आपसूक डाव्या गालाकडे जातो... कारण एक गोष्ट खुद्द माझ्या या गालावर घडलेली आहे. चाळीस-पन्नास माणसांच्या देखत, भरदिवसा, सकाळच्या उन्हात. ती लिहितो. लिहिताना माझी बाजू सावरून घेणार नाही. सावरण्यासारखी ती नाहीच.

सात वर्षं झाली. गाव सोलापूर. गिरणीचं नाव घालत नाही. मालक हयात आहेत आणि माणूस वाईट नव्हता. मी मूळचा कुर्डुवाडीचा, वडील रेल्वेच्या वर्कशॉपात होते, मीही फिटरचं काम तिथंच शिकलो. मग मशिनरी बसवून देणाऱ्या एका एजन्सीत लागलो. आज या गावाला, सहा महिन्यांनी त्या गावाला. सगळीकडे मला नुसतं ‘मिस्त्री’ म्हणत.

सोलापूरचं काम असं होतं. गिरणीच्या मागच्या अंगाला मागांचं नवीन खातं बांधलं होतं, आणि ते जुन्या वाफेच्या इंजिनावर न चालवता विजेच्या मोटरवर चालवायचं होतं. छताखाली दोन पुरुष उंचीवर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक लांबलचक लोखंडी दांडा. त्याला आम्ही शाफ्ट म्हणतो. मोटर शाफ्टला फिरवणार. शाफ्टवर पुल्या, आणि एकेका पुलीवरून कातड्याचा पट्टा खाली एकेका मागावर. अठ्ठेचाळीस माग. श्रावणात हात घातला, आणि मालकांनी मुहूर्त धरला खंडेनवमीचा! मी म्हटलं, साहेब, माणसं आहोत की राक्षस? पण शब्द दिला होता. सकाळच्या भोंग्याला आत शिरायचं ते दिवे लागल्यावरही दोन-अडीच तासांनी बाहेर पडायचं. आश्विनातलं ऊन, वर पत्र्याचं छप्पर. शाफ्टची लेव्हल घेताना लोखंडाला हात लावला तर चटका बसायचा. दुपारी मशिनच्या खोक्यांवर बसून भाकरी न् शेंगाची चटणी गिळायची, की पुन्हा वर.

आता माझा स्वभाव. म्हणजे आग्यावेताळच. हात तर फारच सैल. त्या काळी मिस्त्रीनं कुणाला मारलं तर कुणी त्याचं नवल मानत नसे, आणि मी त्याचा पुरेपूर फायदा घेतला. पान्यानं मारलंय, पट्ट्याच्या तुकड्यानं मारलंय. एकदा जुन्या खात्यातल्या जॉबरनं, म्हणजे तिथल्या मुकादमानं, आमचा ओळंबा पळवला म्हणून त्याला त्याच्याच मागावर आडवा घालून असा तुडवला, की दोन्ही खात्यांची माणसं लोखंडी सळ्या घेऊन समोरासमोर आली. तिघांची डोकी फुटली. मला त्याचं काहीच वाटलं नाही. संध्याकाळी पोटभर जेवलो.

पण एका बाबतीत माझ्या रागाला कारण होतं, आणि ते सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही. सोलापूरला येण्याच्या दोन वर्षं आधी एका कापसाच्या कारखान्यात माझ्या डोळ्यांदेखत एक माणूस शाफ्टला गुंडाळला गेला. तो वर तेल घालत होता, खालच्याला ते माहीत नव्हतं, त्यानं मोटर चालू केली. धोतराचा सोगा अडकला आणि... कपडे पिळावेत तसा तो माणूस पिळला गेला. शाफ्ट थांबेपर्यंत भिंती लाल झाल्या होत्या. त्याचा एक पाय आम्हाला सरकीच्या ढिगात सापडला.

त्यानंतर मी माझ्या कामावर एक नियम घातला. मोटर चालू करायची ती स्टार्टरनं. भिंतीवर लोखंडी पेटी, तिला एक दांडा. जो कुणी शाफ्टवर चढेल त्यानं आपल्या वहाणा स्टार्टरच्या पुढ्यात, दांड्याच्या बरोबर खाली काढून ठेवायच्या. वहाणा दिसल्या की दांड्याला हात लावायचा नाही, साक्षात मालक आला तरी. आणि ज्याच्या वहाणा, त्यानंच खाली उतरून त्या उचलायच्या. पाटी लावली असती, पण वाचणार कोण? आमच्या खात्यात मराठी, कानडी, तेलुगू आणि मुसलमानी चारी बोल्या चालायच्या. वहाणा मात्र सगळ्यांना कळतात.

माझ्या हाताखाली मल्लप्पा नावाचा गडी होता. दुधनीकडचा, पंचवीस-सव्वीसचा, मेंढरांमागं वाढलेला. माकडासारखा चढायचा. कातड्याची वादी ओवून पट्ट्यांची तोंडं शिवायची, हे त्याचं काम, आणि ते त्याच्यासारखं कुणाला जमत नसे. बोलायचा कमी. दुसरे काशीमभाई, तेलवाले. पन्नाशीचे, जुन्या इंजिनावर उभी हयात काढलेले. हातात तेलाची बुधली असल्याशिवाय मी त्यांना कधी पाहिलंच नाही. माझ्यावर त्यांचा जीव होता. ‘मिस्त्री, गुस्सा थोडा कम करो, जल जाओगे एक दिन,’ म्हणायचे. मी हसायचो.

खंडेनवमीच्या पाच दिवस आधीची गोष्ट. दुपारी मी आत आलो तर मल्लप्पा वर शाफ्टवर बसलेला, आणि स्टार्टरपुढं वहाणा नाहीत! माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. खाली बोलावला.

“वहाणा कुठंयत?”

“तुटल्या की, मिस्त्री. सकाळधरनं अनवानीच हाय मी. काय ठेवू?”

त्याच्या पायांकडे मी बघितलं असतं तर दिसलं असतं. टाचा भेगाळलेल्या, एका अंगठ्याला चिंधी बांधलेली. पण बघतो कोण?

“वहाणा नाहीत तर पागोटं ठेवायचं! मेला असतास ना भडव्या!” आणि ठेवून दिली एक कानाखाली. असा आवाज निघाला की अख्खं खातं थांबलं. पागोटं उडून तेलात पडलं. चाळीस माणसं बघत होती.

मल्लप्पा हलला नाही. अंगानं माझ्या दीडपट होता, मनात आणता तर मला उचलून मोटरवर आपटला असता. गालावर हात ठेवून एवढंच म्हणाला, “मिस्त्री, हात मलाबी हाय. पर आज न्हाय.”

“चल हो बाजूला, मोठा आलाय हातवाला!” मी म्हणालो.

तेव्हापासून आमचं बोलणं बंद. काही सांगायचं झालं तर मी काशीमभाईंना सांगायचो, ते त्याला सांगायचे. तो मान हलवायचा आणि काम करायचा. काम चोख.

खंडेनवमी उजाडली. तुम्हाला माहीतच आहे, त्या दिवशी हत्यारांची पूजा. पाने, हातोडे, छिन्न्या, रंधे, सगळं धुऊन-पुसून स्टार्टरपुढच्या पाटावर मांडलेलं, त्यावर हळद-कुंकू, झेंडू. पूजा होईपर्यंत हत्याराला कुणी शिवत नाही. म्हणजेच त्या सकाळी कुणी कामावर असण्याचा प्रश्नच नव्हता. ही गोष्ट ध्यानात ठेवा. स्टार्टरला भलामोठा हार, खाली रांगोळी. शाफ्टखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत आंब्याच्या डहाळ्या, झेंडूची तोरणं आणि रंगीत पताका इतक्या बांधलेल्या, की खालून छत म्हणून दिसत नव्हतं. खात्याच्या दारात सगळ्यांनी पायतणं काढलेली.

मी फाटकावर मालकांना आणायला गेलो होतो. त्यांना घेऊन आत आलो तो हलगी आणि सनई सुरू झालेली. पत्र्याच्या छपराखाली हलगी वाजली की काय होतं ते ज्यानं ऐकलंय त्यालाच ठाऊक, शेजारच्याचं बोलणं कळत नाही. पुढं झालो आणि बघतो तर काय — स्टार्टरच्या पुढ्यात, ऐन रांगोळीत, हाराच्या खाली, वहाणांचा जोड! कोऱ्या करकरीत, वर लाल गोंडे. असल्या वहाणा मी खात्यात कुणाच्याच पायांत पाहिल्या नव्हत्या. मला वाटलं, आलेल्या पाहुण्यांपैकी कुणीतरी शहाणा नेमका देवापुढं पायतणं काढून मोकळा झाला.

“कोण रे हा गाढव?” मी ओरडलो. अर्थात कुणाला ऐकू गेलं नाही. दोन बोटांत त्या वहाणा धरल्या आणि दारातल्या ढिगाकडे अशा भिरकावल्या की एक बाहेर जाऊन पडली. परत येऊन रांगोळी हातानं नीट केली. हो, मीच. नियम माझा आणि मोडला मीच. त्या वेळी तो नियम माझ्या डोक्यात औषधालासुद्धा नव्हता. पूजेपुढं वहाणा आल्या, एवढंच दिसत होतं.

मालकांनी पूजा केली, नारळ वाढवला. कोहळ्यावर कुंकू घालून तो मोटरपुढं फोडला. आत पांढरा, वर लालभडक. मग मालकांनी मला खूण केली, चालू करा.

स्टार्टर कसा असतो ते दोन ओळींत सांगतो. दांडा एका खाचेतून दुसऱ्या खाचेत हळूहळू सरकवायचा. शेवटच्या खाचेला गेला की चुंबक त्याला धरतो, मग हात काढला तरी चालतं. पण मधेच हात सुटला, तर स्प्रिंग त्याला मागं खेचते आणि मोटर बंद पडते.

पहिली खाच. मोटर गुरगुरली. दुसरी खाच. वर शाफ्ट जागचा हलला, तोरणं थरथरली, लोकांनी फुलं उधळली. तिसऱ्या खाचेकडे दांडा नेला, आणि...

फाडकन् माझ्या डाव्या कानाखाली बसली!

डोळ्यांपुढं काजवे चमकले. आयुष्यात मी पुष्कळ मार खाल्लाय, पण असली थप्पड नाही. पाय जमिनीवरून सुटले. मी बाजूला पाटावरच्या हत्यारांत जाऊन पडलो, एक दाढ निखळून जिभेवर आली. दांडा सुटला आणि खट्कन मागं गेला. मोटर बंद.

मी उठलो. माझ्या डाव्या अंगाला सगळ्यांत जवळ उभे होते काशीमभाई. बस्स. दुसरा विचार नाही. मालकांसमोर, पूजेत, मला मारतो काय? तोंडातलं रक्त थुंकलो आणि त्यांच्यावर तुटून पडलो.

पहिला ठोसा नाकावर. हाड मोडल्याचं मला मुठीला कळलं. ते मागं कोलमडले, मी छातीवर बसलो. “मिस्त्री, मैं नइ! अल्ला कसम मैं नइ मारा!” ते ओरडत होते आणि मी मारत होतो. हलगीवाले अजून बडवतच होते, त्यांना वाटलं गर्दीत काही गंमत चाललीय. डोकं दोन्ही हातांनी धरून मी मोटरच्या सिमेंटच्या चौथऱ्यावर आपटलं. एकदा. दोनदा. कानातून रक्त आलं. दोघांनी मला मागून धरलं, त्यांना झटकून दिलं. पूजेतला पाना हातात आला, कुंकू लावलेला, आणि तो मी उचलला.

खरं सांगतो, तो पाना खाली आला असता तर आज मी हे लिहीत नसतो. फासावर गेलो असतो.

पण माझ्या उगारलेल्या मनगटावर वरून टपकन् काहीतरी पडलं. गरम. मग शेजारच्या कोहळ्याच्या पांढऱ्या फोडीवर एक थेंब. आणखी एक. कुंकवाचा नव्हे, कुंकू असं पसरत नाही. मी वर बघितलं. तोरणातून रक्त गळत होतं.

माझा चेहरा बघून आसपासची माणसं वर बघायला लागली. एक हलगी थांबली, मग दुसरी. सनई थांबली. आणि त्या शांततेत वरून आवाज आला, अगदी बारीक... “यप्पा... यप्पा...”

हातातला पाना गळून पडला. मी शिडी चढलो की उडालो मला आठवत नाही. पताका फाडून बाजूला केल्या. मल्लप्पा शाफ्टच्या लोखंडी ब्रॅकेटला डाव्या हातानं लोंबकळत होता. उजव्या हाताचं मधलं बोट तिसऱ्या मागाच्या पुलीत, पट्ट्याखाली. शाफ्ट दीड फेरा फिरला असेल, तेवढ्यात ते बोट मुळापासून गेलं होतं, नुसत्या कातडीवर अडकलं होतं. पुली हातानं उलटी फिरवल्याशिवाय सुटका नव्हती. फिरवली. त्याची किंकाळी माझ्या कानातून अजून गेलेली नाही. बोट पट्ट्याला चिकटून राहिलं.

तिसऱ्या खाचेनंतर चौथी, पाचवी, अशा नऊ खाचा होत्या हो त्या स्टार्टरला. मला त्या पुऱ्या करायला चार-पाच सेकंद लागले असते. मग त्या सरकीच्या ढिगातल्या पायासारखंच झालं असतं. सगळ्या पाहुण्यांच्या डोक्यावर.

दोघांनाही टांग्यात घालून दवाखान्यात नेलं. मल्लप्पाची मलमपट्टी चालू असताना कंपाउंडर माझ्याकडं आला. माझा गाल टम्म सुजला होता. उजेडाकडे वळवून त्यानं निरखून बघितलं आणि म्हणाला, “तुम्हाला कुणी मारलं? चांगलेच वळ उठलेत. पण मारणाऱ्याला मधलं बोट नव्हतं वाटतं?”

“काय?”

त्यानं भिंतीवरचा आरसा काढून दिला. अंगठा. पहिलं बोट. मग मोकळी जागा, साधी लालीसुद्धा नाही. मग उरलेली दोन बोटं. उजव्या हाताची. काशीमभाईंच्या दोन्ही हातांची दहाच्या दहा बोटं शाबूत होती. आणि नऊ बोटांचा एकच माणूस त्या खोलीत होता, पलीकडच्या बाकावर, बेशुद्ध.

मी तिथंच खाली बसलो.

त्यानंतर मी ज्याला त्याला विचारत सुटलो. मालक म्हणाले, “तुम्हाला कुणीच मारलं नाही. तुम्ही आपले आपण उडून पडलात, आम्हाला वाटलं फेफरं आलं.” भटजींनीही तेच सांगितलं. आणि काशीमभाईंच्या एका हातात बुधली होती, दुसऱ्या हातात कापराचं तबक, हे वीस माणसांनी पाहिलं होतं. मी मारलं तेव्हा जळता कापूर त्यांच्याच छातीवर सांडला होता, सदऱ्याला भोक पडलं होतं. मारणार कशानं? गिरणीचे इंजिनिअर म्हणाले, स्टार्टरचा शॉक बसला. मी म्हटलं, साहेब, दांड्याची मूठ लाकडाची आहे, मी स्वतः बसवलीय. आणि शॉक हाताला बसतो की गालाला? शॉकला बोटं असतात का? त्यावर ते दुसऱ्या विषयाकडे वळले.

तिसऱ्या दिवशी मल्लप्पा बोलायला लागला. मी खाटेशेजारी बसलो. पाच दिवसांचा अबोला, त्यात हे तीन. तोच म्हणाला.

“वहाना सापडल्या का, मिस्त्री?”

“तुझ्या होत्या त्या?”

“मग? तुमी मारलं तवाधरनं पागोटंच ठिवत हुतो, ह्या नवमीच्या आदल्या सांजेला घेतल्या. म्हनलं, पुन्ना बोलनं नको.” थांबून थांबून बोलत होता. “त्या दिशी सकाळी खालनंच दिसलं, तिसऱ्या पट्ट्याची वादी सैल हाय. सुटला असता तर कुनाच्या तरी डोस्क्यात बसला असता पट्टा, आन् तुमी मला समद्यांम्होरं पुन्ना हानलं असतं. हत्याराला शिवायचं न्हवतं, म्हनून नुसत्या हातानं वडाया गेलो. वहाना ठिवल्या की दांड्याखाली. तुमी समदी आत आला तवाबी निवांत हुतो मी. म्हनलं, वहाना हायत की.”

मला त्याच्याकडे बघवेना.

“मग तुमी वहाना उचलल्या. फेकल्या. मी वरनं बगतोय. म्या बोंबललो, पर हलगीत कोन ऐकतंय? तुमी दांड्याला हात घातला. तुमास्नी खोटं वाटंल, मिस्त्री, मराचं भ्या न्हाय वाटलं मला. राग आला. लई राग आला. ज्या वहानापायी ह्यानं मला मारलं, त्याच वहाना ह्यानं फेकल्या! माझा हात पुलीत हुता, मनगटापत्तुर. तसाच उपसला आन् तितनंच उगारला तुमच्यावर. हान् म्हनलं एकदा तरी, मरायच्या आदी. तेवढ्यात पट्ट्यानं बोट धरलं.”

म्हणजे हात उगारला नसता तर मनगटासकट आत गेला असता, आणि हातामागून तो.

माझा गाल त्याच्या बाजूला नव्हता. मी मुद्दाम उजव्या अंगानं बसलो होतो आणि डाव्या गालावर उपरणं धरलं होतं. कुणी त्याला काही सांगितलेलं नव्हतं, कंपाउंडरला मी हात जोडून गप्प बसवलं होतं. तरी मल्लप्पानं माझ्या उपरण्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं,

“लागली का तुमास्नी?”

मी उपरणं काढलं. त्यानं बघितलं. मग बँडेज बांधलेला आपला हात बघितला, पुन्हा माझा गाल. दोघंही रडलो. मी तर लहान पोरासारखा हुंदके देऊन रडलो, सांगायला लाज कसली.

वळ महिनाभर होते, मग गेले. मल्लप्पा पुढं नऊ बोटांनीच पट्टे शिवायचा आणि तरी त्याच्यासारखं कुणाला जमत नव्हतं. आता तो गावी मेंढरं घेऊन आहे, दसऱ्याला पोरांबाळांसह माझ्याकडे येतो. वहाणा दारात काढतो आणि माझी बायको त्या उचलून आत ठेवते, मी हात लावत नाही.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, बरं झालं, गोड शेवट झाला. थांबा.

काशीमभाई सव्वा महिना खाटेवर होते. मी रोज त्यांच्या घरी जायचो, त्यांची बायको दार उघडायची नाही. एके दिवशी उघडलं. मी त्यांच्या खाटेपुढं गुडघ्यांवर बसलो आणि म्हणालो, “काशीमभाई, मारा मला. हवं तेवढं मारा. हात वर करणार नाही.”

त्यांनी मान वळवली, उजवा कान माझ्याकडे केला. “क्या बोले? इधर से बोलो मिस्त्री, उधर का कान गया.”

मी पुन्हा म्हणालो. जोरात म्हणावं लागलं, सगळ्या बोळाला ऐकू गेलं असेल. ते म्हणाले, “तुमको मारना था उनो मार दिया. मैं कायको मारूं?” आणि बायकोला चहा टाकायला सांगितलं. मी तो चहा प्यालो. आजवर मी तिठ्यावरचं लिंबू प्यालोय, पण तसलं काही माझ्या घशातून इतक्या कष्टानं उतरलेलं नाही.

गेल्या सात वर्षांत मी कुणावर हात उगारलेला नाही. राग येतो, खूप येतो. पण हात वर जायला लागला की डावा गाल असा भाजतो की तोच हात गालावर येतो. लोक म्हणतात मिस्त्री मवाळ झाले. झाले असतील.

मल्लप्पा दोन पुरुष उंचावर होता आणि थप्पड माझ्या गालावर बसली, तीसुद्धा अजून पुरतं न तुटलेल्या बोटाची जागा सोडून. हे कसं झालं ते मला सात वर्षांत उलगडलेलं नाही. वाचकांपैकी कुणा शहाण्याला उलगडलं तर जरूर कळवा, मी या गोष्टींवर विश्वास न ठेवणाराच माणूस आहे, पटलं तर मानेन.

काशीमभाईंच्या कानाचं मात्र काही कळवू नका. तो मी फोडला.